हात बसला, हे कसं ओळखायचं?

‘ज्ञान आणि कौशल्य’ या विषयावर बोलताना तत्त्वज्ञानाचे शिक्षक सहसा सायकलचं किंवा पोहण्याचं उदाहरण देतात. मीही वर्गात वर्षानुवर्षं तेच दिलं. पण सायकल शिकताना पडलो तर गुडघा आपलाच फुटतो. आज असं उदाहरण घेऊ की ज्यात शिकणारा एक आणि इजा व्हायची ती दुसऱ्याला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, डॉक्टर कसे शिकतात, आणि ते शिकले हे कोण, कशावरून ठरवतं, हा आजचा विषय. मी वैद्यकाचा माणूस नाही. माझा रस आहे तो मोजण्याच्या प्रश्नात.

आधी आपल्या भाषेतली एक गंमत बघा. ‘मला पोहण्याबद्दल माहिती आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ ही दोन वाक्यं मराठीत किती वेगळी आहेत! माहिती आपल्याजवळ असते. कौशल्य आपल्याला ‘येतं’. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला. अमुक एक गोष्ट तशी आहे हे ठाऊक असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. करता येणं म्हणजे डोक्यात आधी नियम म्हणायचा आणि मग हाताने तो पाळायचा, असं नसतं. हुशारी कृतीतच दिसते. आपण म्हणतोच ना, ‘आता तिचा हात बसला’, ‘त्याची नजर तयार झाली’. हे दोन वाक्प्रचार लक्षात ठेवा. कोलोनोस्कोपीत हात आणि नजर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

तपासणीत अवघड काय असतं?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. ते सरळ नळीसारखं नसतं. त्याला वळणं असतात, आणि त्याचे काही भाग पोटात मोकळे हलतात. डॉक्टर गुदद्वारातून एक लवचिक दुर्बीण आत घालतात. टोकाला कॅमेरा आणि दिवा. डाव्या हातात दोन चाकं, त्यांनी टोक वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळतं. उजवा हात दुर्बीण पुढे सरकवतो, मागे घेतो, पीळ देतो. आत थोडी हवा किंवा कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडून आतडं फुगवतात, नाहीतर काही दिसणारच नाही.

नवशिक्याची प्रवृत्ती काय असते? ढकलायची. पण ढकललं की दुर्बीण पुढे जाण्याऐवजी आतड्यातच वेटोळं करते. बाहेरून दहा सेंटिमीटर आत गेली आणि पडद्यावरचं चित्र जागचं हललं नाही, किंवा उलट मागेच सरकलं, असंही होतं. वेटोळं वाढलं की आतडं ताणलं जातं, रुग्णाला कळ येते. फार जोर केला तर क्वचित आतड्याला भोकही पडू शकतं. मुरलेला डॉक्टर अशा वेळी मागे घेतो, पीळ देतो, वेटोळं सोडवतो, रुग्णाला कुशीवर वळायला सांगतो. पुढे जाण्यासाठी मागे यावं लागतं. हे वाक्य ऐकून कळतं, पण हाताला कळायला शेकडो तपासण्या लागतात.

शेवटचं ठिकाण म्हणजे सीकम, मोठ्या आतड्याची सुरुवात, जिथे अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतड्याची झडप दिसते. तिथे पोचणं म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं परतीच्या वाटेवर असतं. दुर्बीण हळूहळू मागे घेत प्रत्येक घडीमागे बघायचं, पॉलिप शोधायचे आणि काढायचे. यातल्या ॲडिनोमा नावाच्या पॉलिपचं काही वर्षांनी कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. तो आधीच काढला तर कर्करोग टळतो. तपासणीचा सगळा अर्थ यात आहे.

आकडा पुरे का?

सगळ्यात सोपं मोजमाप म्हणजे ‘किती केल्या?’ पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. शिकाऊ डॉक्टरची वही असते, तीत नोंदी भरतात, आकडा पूर्ण झाला की सही. अमेरिकेत शल्यचिकित्सकांच्या मंडळाने ५० कोलोनोस्कोपींची अट घातली. तिथल्याच एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की निदान १४० झाल्याशिवाय कौशल्य तपासायलाही घेऊ नका. आता बघा, काम एकच, आतडं तेच, आणि अटीत जवळजवळ तिपटीचा फरक. म्हणजे आकडा कौशल्यातून आला नव्हता. तो ठरवून घेतलेला होता.

आकड्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. सरावाशिवाय हात बसत नाही. पण आकडा सांगतो की संधी किती मिळाली. शिकून काय झालं ते तो सांगत नाही. दोनशे वेळा चुकीच्या सवयीने केलेलं काम ती सवयच पक्की करतं.

याचा एक मोठा पुरावा ब्रिटनमधला आहे. तिथे राष्ट्रीय कर्करोग-तपासणी योजना सुरू करण्याआधी, आपली तयारी किती आहे हे पाहण्यासाठी ६८ केंद्रांतल्या ९,२२३ कोलोनोस्कोपींचा अभ्यास झाला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सीकमपर्यंत पोचल्याची नोंद ७६.९ टक्के तपासण्यांत होती. पण पोचल्याच्या खात्रीच्या खुणांचा कडक निकष लावला, तेव्हा आकडा ५६.९ टक्क्यांवर आला! आणि डॉक्टरांना विचारलं की तुमच्या पहिल्या शंभर तपासण्यांच्या वेळी शेजारी कोणी शिकवणारं होतं का, तर ‘हो’ म्हणणारे होते फक्त १७ टक्के. बाकीचे अशा पूर्ण देखरेखीशिवाय शिकले. ज्यांच्यावर शिकले, त्या माणसांना हे माहीतही नसेल.

ब्रिटनने हे झाकून ठेवलं नाही. प्रशिक्षणाची केंद्रं, शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक शिकाऊ डॉक्टरची संगणकावर नोंद असं सगळं उभं केलं. २०११ मध्ये पुन्हा देशभर मोजणी झाली, या वेळी २०,०८५ तपासण्यांची. सीकमपर्यंत पोचण्याचं प्रमाण ९२.३ टक्के निघालं. मोजल्याने कौशल्य वाढत नाही, हे खरं. पण मोजल्याशिवाय या सुधारणेची गरज कोणाला पटली असती?

हाताचा आलेख

आता हात कसा मोजतात ते बघू. प्रत्येक तपासणीनंतर दोनच शक्यता नोंदवायच्या : मदतीशिवाय सीकमपर्यंत पोचला किंवा नाही. अपेक्षा शंभरात नव्वदची. पण एखाद्याच्या पहिल्या ५० पैकी ३० आणि पुढच्या ५० पैकी ४७ यशस्वी झाल्या, तर एकूण सरासरी निघते ७७ टक्के. ही सरासरी त्याच्या कालच्या अपयशाची शिक्षा आजही देते. आपल्याला हवं असतं ते ‘आज येतं का?’ याचं उत्तर.

यासाठी संख्याशास्त्रातली एक युक्ती वापरतात. ई. एस. पेज यांनी ती १९५४ मध्ये मांडली, कारखान्यातल्या मालाच्या गुणवत्तेवर नजर ठेवण्याच्या संदर्भात. तिला ‘क्युसम’ म्हणतात. साधी कल्पना अशी : एक रेषा काढा. तपासणी यशस्वी झाली की रेषा एक पाऊल खाली, अयशस्वी झाली की नऊ पावलं वर. बरोबर नव्वद टक्के यश असेल तर नऊ वेळा खाली, एकदा नऊ पावलं वर, म्हणजे रेषा एकंदरीत आडवी. शिकाऊ माणसाची रेषा आधी डोंगरासारखी चढते, मग सपाट होते, मग उतरायला लागते. कुठे वळली ते डोळ्यांना दिसतं.

यात तत्त्वज्ञानाच्या माणसाला रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. कारखान्यात आपण धरून चालतो की यंत्र नीट चाललंय, आणि बिघाडाचा पुरावा शोधतो. शिकाऊ डॉक्टरच्या बाबतीत हे गृहीत उलटं करायला हवं, असं फ्रान्समधल्या डेव्हिड बियाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवलं. सुरुवात ‘अजून येत नाही’ इथून करायची आणि ‘येतं’ याचा पुरावा साठला की मगच मान्य करायचं. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न. न्यायालयात आरोपी निर्दोष धरतात, कारण निरपराध माणसाला शिक्षा होणं जास्त वाईट. इथे टेबलावर झोपलेला माणूस निरपराध आहे. म्हणून जबाबदारी शिकणाऱ्यावर. गणिताच्या सूत्रात नीती अशी शिरलेली असते.

याच पद्धतींनी ब्रिटनमधल्या २९७ शिकाऊ डॉक्टरांच्या ३६,७३० तपासण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. सगळ्यांचा एकत्रित आलेख नव्वद टक्क्यांची पातळी गाठतो तो साधारण २३३ व्या तपासणीला. म्हणजे ५० आणि १४० हे दोन्ही आकडे बरेच तोकडे होते.

नजर : न दिसलेलं कसं मोजायचं?

हाताचं अपयश लगेच दिसतं. दुर्बीण अडली, रुग्ण कळवळला, गुरूने हात पुढे केला. नजरेचं अपयश मात्र दिसतच नाही, कारण जे सुटलं ते सुटलं हेच कळत नाही. अहवालात लिहिलं जातं ‘सर्व ठीक’. रुग्ण आनंदाने घरी जातो, डॉक्टरही समाधानी असतो. कौशल्य नसलं तरी ते असल्यासारखंच वाटतं!

हा भ्रम नाही. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये आला. ४६५ रुग्ण होते. पहिल्या फेरीत २२ टक्के पॉलिप सुटले होते. बहुतेक लहान होते. मोठे क्वचितच सुटले. पण सुटले.

मग एका डॉक्टरची नजर कशी मोजायची? एका रुग्णात काही न सापडणं म्हणजे अपयश नाही. त्याला पॉलिप नसेलच. पण शंभर-दोनशे रुग्ण एकत्र पाहिले की चित्र बदलतं. सारख्याच वयाच्या लोकांची तपासणी करताना एका डॉक्टरला दहातल्या तिघांत ॲडिनोमा सापडतो आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला दहातल्या एकात, तर फरक रुग्णांत नाही, डोळ्यांत आहे. याला ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण म्हणतात.

अमेरिकेतल्या १२ तज्ज्ञांवरच्या २००६ मधल्या अभ्यासात परतीच्या प्रवासाला सरासरी सहा मिनिटं किंवा अधिक घेणाऱ्यांचं हे प्रमाण २८.३ टक्के होतं, आणि घाई करणाऱ्यांचं ११.८ टक्के. हे शिकाऊ नव्हते हो, अनुभवी होते. पुढे २०१० मध्ये पोलंडमधल्या अभ्यासाने दाखवलं की ज्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलेल्यांना पुढच्या काही वर्षांत कर्करोग होण्याचा धोका जास्त. मग २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ३,१४,८७२ तपासण्यांचा अभ्यास आला. १३६ डॉक्टर, कोणाचं प्रमाण ७.४ टक्के तर कोणाचं ५२.५ टक्के. प्रमाण एका टक्क्याने वाढलं की कर्करोगाचा धोका ३ टक्क्यांनी कमी.

इथे जरा थांबा. या आकड्याच्या मागे माणसं आहेत. कमी प्रमाण असलेल्या डॉक्टरकडे गेलेला माणूस तपासणी करूनही, त्रास सोसूनही, पैसे भरूनही असुरक्षित राहिला. आणि त्याला खात्री मात्र मिळाली. खोटी खात्री ही अज्ञानापेक्षा वाईट, कारण ती पुढचं विचारणं बंद करते.

शेजारी उभं राहून पाहणं

हात मोजला, नजर मोजली. तरी काहीतरी उरतंच. रुग्णाला आधी नीट समजावून सांगितलं का? गुंगीचं औषध बेताने दिलं का? नर्सने ‘त्यांना दुखतंय’ म्हटल्यावर ऐकलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठे थांबायचं ते कळलं का? हे आकड्यांत येत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाने शेजारी उभं राहून पाहावं लागतं.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये रॉबर्ट सेडलॅक यांनी अशी एक निरीक्षणपत्रिका तयार केली. प्रत्येक अंगाला १ ते ४ गुण; हाताची कौशल्यं वेगळी, विचाराची वेगळी. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात किमान पातळी गाठायला सरासरी २७५ तपासण्या लागल्या.

ब्रिटनच्या पत्रिकेची मोजपट्टी मला जास्त विचार करायला लावते. तिथे ‘उत्तम, चांगला, बरा’ असं लिहीतच नाहीत. प्रश्न असा असतो : या माणसाला किती देखरेख लागते? पूर्ण, बरीच, थोडी, की एकट्याने करू शकेल? गुण दिले की गुरू आणि शिष्य दोघेही अवघडतात. ‘मी तुला या रुग्णाजवळ एकटं सोडेन का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रामाणिकपणे देता येतं, कारण त्यात गुरूची स्वतःची जबाबदारी गुंतलेली असते.

कोणी म्हणेल, हे तर एकाचं मत झालं. मायकेल पोलान्यी हा मुळात वैद्यकाची पदवी घेतलेला विचारवंत. कौशल्याचा काही भाग शब्दांत मांडताच येत नाही, असं त्याचं म्हणणं. ते मान्य केलं, तरी जे सांगता येत नाही ते पाहता येतं, आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नजरांनी पाहिलं तर त्यावर सहमतीही होते. सरावाची गरज तर सुश्रुतसंहितेतही सांगितली आहे. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर आधी छेद घ्यायला शिका. पुष्कळ वाचलेला असला तरी सराव नसलेला वैद्य कामाला योग्य नाही. आजचे संगणकी नकली आतड्याचे सांगाडे त्याच परंपरेतले. पहिले अवघडलेले तास माणसाच्या पोटात जाऊ नयेत, एवढा त्यांचा उपयोग मोठा आहे. पण शेवटी जिवंत आतड्यावरच शिकावं लागतं. त्यातून सुटका नाही.

मोजमापाची फूस

मोजमाप आलं की त्याला फसवणंही येतं. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यासाठी आठचा आकडा काढतात. आठ काढता आला म्हणजे रस्त्यावर गाडी चालवता आली असं नाही, पण सराव मात्र आठचाच होतो. इथेही तसंच. ‘किमान एक ॲडिनोमा सापडला का’ हेच मोजलं, तर एक सापडल्यावर लक्ष सैल पडू शकतं. पुढचे दोन सुटले तरी प्रमाणाला धक्का लागत नाही. सहा मिनिटं मोजली, तर घड्याळ सहा दाखवतं, बघणं तसंच राहतं. सीकम मोजलं, तर अवघड रुग्ण टाळले जातील. किंवा त्याहून वाईट, जिथे थांबायला हवं तिथे ढकललं जाईल. आणि योग्य वेळी थांबणं तर तक्त्यात ‘अयशस्वी’ म्हणून नोंदलं जातं!

यावर उपाय म्हणजे मोजणं सोडणं नव्हे. एकच आकडा पूजेला न लावता हात, नजर आणि विवेक हे तिन्ही एकमेकांसमोर धरायचे. सीकमपर्यंत पोचण्याच्या आकड्याशेजारी रुग्णाला किती दुखलं तेही लिहायचं. वेळेशेजारी काय सापडलं ते लिहायचं. आणि त्या सगळ्याशेजारी गुरूचं निरीक्षण.

माझं म्हणणं एवढंच, की इथे मोजमाप हे शिकणाऱ्याची परीक्षा नंतर आहे, आधी ते रुग्णाला दिलेलं वचन आहे. तुमच्यावर कोणीतरी शिकणार आहे, हे टाळता येणार नाही. नाहीतर पुढच्या पिढीला डॉक्टरच उरणार नाहीत. पण तुमच्यावर कोणी बेहिशेबी शिकणार नाही, हे मात्र सांगता येतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : रुग्णाने डॉक्टरांना त्यांचं प्रमाण विचारावं का? ते अपमान समजणार नाहीत?

उत्तर : विचारावं, पण विचारण्याची रीत असते. ‘तुमच्याकडे या तपासण्यांची नोंद ठेवतात का?’ इतकंच विचारलं तरी पुरे. जिथे नोंद आहे तिथे उत्तर सहज मिळतं. एखाद्याने नुकत्याच वीस-तीस तपासण्या केल्या असतील तर त्याच्या प्रमाणाला फारसा अर्थ नसतो, हे आपणही समजून घ्यावं. आणि आपल्या बाजूचं कामही करावं. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. आतडं किती स्वच्छ होतं यालाही गुण देतात. बोस्टनच्या मोजपट्टीत तीन भागांना प्रत्येकी ० ते ३, एकूण ९. मळलेल्या आतड्यात तयार नजरही हतबल होते.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता पॉलिप दाखवते म्हणे. मग नजर शिकायची गरज उरेल का?

उत्तर : पडद्यावर चौकट काढून ‘इथे बघा’ सांगणाऱ्या प्रणाली आल्या आहेत आणि त्यांनी ॲडिनोमा जास्त सापडतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण २०२५ मध्ये पोलंडमधल्या चार केंद्रांचा एक अभ्यास आला. ही मदत सुरू होण्यापूर्वी, मदतीविना केलेल्या तपासण्यांत ॲडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्के होतं. मदतीची सवय लागल्यानंतर, मदतीविनाच केलेल्या तपासण्यांत ते २२.४ टक्के झालं. एकाच अभ्यासावरून निकाल देऊ नये, त्याला इतर कारणंही असू शकतात. तरी प्रश्न योग्य आहे. आजवर आपण कौशल्य आलं का हे मोजत होतो. ते टिकलंय का, हेही यापुढे मोजावं लागेल, आणि ते अनुभवी डॉक्टरांचंही. प्रमाणपत्र एकदा मिळतं. आलेलं कौशल्य जाऊही शकतं.